मेंढरू ओलीत बसत नाही

म्हैस हरवली तर माणूस चार गावं पालथी घालतो. नवरा हरवला तर बायको निदान पारापर्यंत जाऊन विचारून येते. पण ओढा हरवला तर? माळवस्तीचा ओढा साठ वर्षांपूर्वी हरवला आणि कुणी त्याची साधी चौकशी केली नाही. वर माळावर तो दिसायचा. खाली सडकेच्या मोरीपाशी पुन्हा दिसायचा. मधल्या चार एकरांत मात्र त्याचा पत्ताच नव्हता. ते चार एकर भिमाजीशेठचे.

माळवस्ती म्हणजे निमगाव साव्यापासून दीड-दोन मैलांवरची पंधरा-वीस घरं. कुकडी आणि मीना या दोन नद्यांच्या मधे जो उघडाबोडका माळ आहे, त्याच्या कुकडीकडच्या उतारावर ती बसली आहे. माळाच्या पाठीवर पडलेलं पाणी इकडं घरंगळलं तर कुकडीला जातं, तिकडं घरंगळलं तर मीनेला. पुढं दोघीही घोड नदीलाच मिळतात आणि घोड भीमेला, तेव्हा भांडायचं काही कारण नाही. तरी मीनाकाठच्या माहेराची बानूबाई गेली पन्नास वर्षं नवऱ्याला, यमाजीला, ऐकवत आली होती, "तुमच्या कुकडीला आमच्या मीनंची सर न्हाई." यमाजीचं उत्तरही पन्नास वर्षांचंच होतं. "म्हणून तर तुझ्या बापानं तुला हिकडं धाडली."

तर पावसाळ्यात माळाचं पाणी खळाळत यायचं, भिमाजीशेठच्या उंच बांधाला डोकं आपटायचं, बांधाच्या कडेकडेनं पळायचं आणि कोपऱ्यावरून वळून थेट यमाजीच्या रानात शिरायचं. यमाजीचं रान सगळं मिळून दीड एकर. त्यातला पाण्याच्या वाटेवरचा दहा गुंठ्यांचा तुकडा म्हणजे नुसता खडक. मेंढरांच्या मागं हिंडलेल्या माणसाला खडकाचं काही वाटत नाही. पण यमाजीची सून आशा वारूळवाडीची, काळ्या जमिनीत वाढलेली. ती त्या खडकाच्या मागं हात धुऊन लागली.

उन्हाळ्यात पाझर तलाव आटला की ती तिथला गाळ आणायची. ट्रॅक्टर बांधापर्यंत यायचा, आत शिरायला वाट नव्हती. मग बांधावर ओतलेला ढीग पाटीपाटीनं डोक्यावरून आत न्यायचा. चुंबळीखालून गाळाचं पाणी कपाळावर उतरायचं आणि तिथंच वाळायचं. संध्याकाळी मान अशी आखडलेली असायची की हाक मारली तर ती अख्खी वळून बघायची. दोन वर्षं वाहिला. तुकड्यावर वीतभर काळी माती दिसायला लागली. तिसऱ्या वर्षी तिनं त्यात तूर लावली. तूर गुडघ्याला लागली आणि भादव्यात एका दुपारी माळावरून पाणी आलं. तासाभरात खाली पुन्हा खडक दिसला.

आशा दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. चार दिवसांनी भाकरी थापताना एकदम म्हणाली, "आत्या, माझा गाळ आता भीमंला लागला आसंल."

आणि यंदा पुन्हा तिनं अकरा ट्रॉल्या आणल्या. याला हट्ट म्हणा, खूळ म्हणा. मला विचाराल तर अशा खुळ्या बायांमुळंच गावात माती शिल्लक आहे. वैशाख संपत आला होता, वळवाचे दोन शिडकावे झाले होते, तुकड्यावर गाळ नीट पसरून झाला होता आणि मृगाला दोन आठवडे राहिले होते. पाण्याची वाट त्याआधी बदलली नाही, तर हाही गाळ कुकडीच्या वाटेनं जाणार होता. हे घरातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

बुधवारी पाणलोटाच्या मॅडम आल्या. वैजयंती नाव, वय तिशीच्या आत, तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर. ओढे मोकळे करायचं मशीन गावात आलं होतं आणि कुठं चालवायचं ते त्या ठरवत होत्या. यमाजीच्या ओट्यावर त्यांनी नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून बानूबाईनं चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले.

"हा बघा, वरून ओढा इथपर्यंत येतो," मॅडमनं निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि इथे मोरीपाशी परत सुरू होतो. मधला कुठे गेला?"

"भिमाजीशेठच्या बानं गिळला," बानूबाई म्हणाली.

यमाजीनं तिच्याकडं डोळे वटारले आणि मग स्वतःच सांगितलं. "मी तेरा-चौदा वरसाचा आसंन. भिमाजीशेठच्या बापाची केणी व्हती, दोन बैलांची. तीन उन्हाळं वढली त्यानं. वरची माती खरवडायची आन वढ्यात लोटायची. चौथ्या साली त्यावर बाजरी केली." मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "मॅडम, पाणलोट म्हंजे काय वो?"

"डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी जिथून जिथून एका ओढ्याला येऊन मिळतं ना बाबा, तो सगळा भाग."

"आस्सं. मला वाटलं, वरच्यानं खालच्याच्या अंगावर पाणी लोटायचं, त्याला म्हणत्यात."

मॅडम खळखळून हसल्या. "तेही बरोबरच आहे म्हणा."

भिमाजीशेठला बोलावणं गेलं. वय बासष्ट, पांढरी टोपी, खिशात मोबाइल, चालणं असं की बांध आपणहून बाजूला होईल. माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःच्या रानाबद्दल कुणी ब्र काढलेला त्याला खपत नसे. त्यानं नकाशा पाहिला, त्यावरचा एक कांदा उचलून दाबून पाहिला आणि परत ठेवला.

"माझ्या रानात वढा न्हाई. मला कळाय लागल्यापासनं न्हाई."

"मग सरळ चर घेऊ? वरून थेट मोरीपर्यंत?" मॅडमनं विचारलं.

"मधी कातळाचं कपाळ हाय, मॅडम. तुमचं मशीन दात पाडून घेईल. आन नवा चर मी कशापायी देऊ? जुना वढा आसंल तर दाखवा. दाखवला तर मी संमती देतो, सगळ्यांम्होरं सांगतो. पण अंदाजपंचे दाहोदरसे माझं रान उकरायचं न्हाई." मग यमाजीकडं वळून म्हणाला, "तू बघितलाय म्हणतोस ना? मंग टेकव काठी. उद्याचा दिस दिला तुला."

मॅडमनं कागद गुंडाळला. "सोमवारी मशीन तुमच्याकडे. मंगळवारी पुढच्या गावाला. सोमवारी सकाळी सही नसेल तर माझ्या हातात काही नाही."

गुरुवारी सकाळी सगळं घर कुदळ-फावडी घेऊन भिमाजीशेठच्या रानात उतरलं. यमाजीचा मुलगा मच्छिंद्र मंचरच्या बाजाराला पिकअप नेतो. त्या दिवशी त्यानं गाडी लावून ठेवली. यमाजी पुढं. त्याला वाटलं होतं, पाय आपोआप जातील. पोरपणी रोज मेंढरं पाजलेली जागा ती, माणूस विसरतो होय? पण रानात उभं राहिल्यावर त्याला काही ओळखू येईना. ओढ्याकाठचं करंजाचं झाड नव्हतं. बांध होता तिथं नव्हता, नव्हता तिथं होता. मधल्या काळात सडक झाली, पाइपलाइन झाली, विजेचे खांब आले. यमाजीनं माळाकडं बघितलं, मोरीकडं बघितलं, डोळे मिटून बघितलं. शेवटी एका ठिकाणी काठी टेकवली.

मच्छिंद्र आणि आशानं कमरेइतकं खणलं. कोरडा मुरूम निघाला. दहा पावलं सरकून दुसरा खड्डा घेतला. पुन्हा मुरूम, कुदळीला ठिणग्या. तिसरा खड्डा यमाजीनं स्वतः सुरू केला, बारा वर्षांपूर्वी मोडलेल्या गुडघ्यावर बसून. त्याच गुडघ्यापायी त्याचं मेंढरांमागं हिंडणं सुटलं होतं. तिसराही कोरडाच.

भिमाजीशेठ बांधावर तंबाखू मळत बसला होता. "यमाजी, वढा तुझ्या डोक्यातनंच व्हायचा बग," तो म्हणाला. "आता माझं रान हुतं तसं करून जावा."

खणण्यापेक्षा बुजवणं जड असतं. माती तीच, पण अंगात काही उरलेलं नसतं. तिन्ही खड्डे बुजवून, वर फावड्यानं सारखं करून चौघं घरी आली. आशा तडक चुलीला लागली. तेच यमाजीला जास्त लागलं. तो भिंतीला टेकून बसला, जेवणाकडं बघेना.

"जेवा," बानूबाई म्हणाली. "वढा हरवलाय, तोंड न्हाई हरवलं."

"सून काय म्हणत आसंल? म्हातारं नुसतं फुशारक्या मारतंय."

"मामा," आशा चुलीपुढून म्हणाली, "मी म्हणतीया भाकरी गार व्हतीया."

यमाजीनं अर्धी भाकरी खाल्ली. मनात मात्र तो सबंध वेळ त्या रानातच फिरत होता.

शनिवारी दुपारी बानूबाईचा धाकटा भाऊ सावळाराम आला. एकटा नाही, तीनशे मेंढरं घेऊन. दिवाळीनंतर तो कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी घाट चढून परत यायचा. पुढं घोडी, घोड्यांवर भांडी, भांड्यांवर बांधलेल्या कोंबड्या, मागं धुळीचा लोट. बहिणीच्या दारात दरवर्षीचा मुक्काम. बानूबाईनं सकाळपासून मासवडीचा घाट घातला होता. गेल्या तीन दिवसांत ती पहिल्यांदा गुणगुणत होती.

आशाच्या डोक्यात वेगळंच होतं. तलावाचा गाळ दिसायला काळा, पण त्यात जीव नसतो, खत हवंच. तीनशे मेंढरं एक रात्र त्या तुकड्यावर बसली तर सोन्याहून पिवळं. पाणी येईल न येईल ते पुढचं पुढं. तिनं सावळारामच्या ताटात मासवडी वाढता वाढता विषय काढला.

"मामा, आजचा मेंढरांचा वाडा आपल्या गाळात बसवा की."

सावळारामनं रस्सा ओरपला, खाली बघितलं, मान खाजवली. "आजचा न्हाई जमायचा, पोरी. आजचा कुशाबाईच्या रानात."

कुशाबाई म्हणजे भिमाजीशेठची बायको. बानूबाईच्या हातातला डाव रश्शात पडला.

"कुणाच्या?"

"आक्का, गेल्या साली वाटंत माझी बायको तापानं फणफणली व्हती. तुमी समदी तवा लग्नाला गेल्ता. कुशाबाईनं दोन दिस घरात ठिवून घेतली तिला, पेज पाजली. तवाच मी शब्द दिला, म्होरल्या सालचा पयला वाडा तुमच्या रानात. शब्द हाय, आक्का."

"माझ्या नवऱ्याला बांधावर बसून हसलं त्ये माणूस! तीन खड्डं बुजवाय लावलं! आन माझा सख्खा भाऊ त्येच्या रानात सोनं टाकणार?"

"दाजी, तुमीच सांगा हिला," सावळारामनं यमाजीकडं आधार मागितला.

यमाजीनं ताटातली मासवडी बोटानं फिरवली. त्यालाही झोंबलं होतं. पण तो जन्माचा मेंढका. "शब्द दिलाय तर बसव," तो म्हणाला. "मेंढक्याचा शब्द गेला तर उद्या कोन रानात घेईल?"

बानूबाईनं भावाला पोटभर वाढलं, पण मासवडी दुसऱ्यांदा विचारली नाही. माहेरच्या माणसाला आणखी मोठी शिक्षा तिला सुचली नसावी. संध्याकाळी सावळारामनं भिमाजीशेठच्या रानात आडवी वाघर लावली, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. बिबट्याचं भय म्हणून चारी कोपऱ्यांना कुत्री बांधली आणि मेंढरं आत घातली. आशा आपल्या तुकड्याच्या कडेला उभी राहून बघत होती. मग घरात गेली.

रविवारी उजाडताना बानूबाईनं चहाची किटली यमाजीच्या हातात दिली. "द्या नेऊन त्याला. रातभर उघड्यावर जागत बसला आसंल मेला." राग चहापर्यंत पोचत नाही आमच्याकडं.

यमाजी नाखुशीनंच निघाला. भिमाजीशेठच्या रानात पाय ठेवायची त्याला लाज वाटत होती. मेंढरं नुकतीच बाहेर काढली होती आणि सावळाराम वाघर गुंडाळत होता. तोंड एवढंसं.

"काय रं, झोप झाली न्हाई?"

"कशाची झोप, दाजी! मेंढरांनी लई तरास दिला. एवढी ऐसपैस वाघर लावली, आन ही कडंला दाटी करून बसत्यात. मधी जागा मोकळीच. दोनदा हाकलली, तिथं नेऊन बसवली, की लगीच उठून बाजूला. कुत्रं न्हाई, बिबट्या न्हाई. काय झालतं कोन जाणं."

यमाजीनं किटली खाली ठेवली. मग त्यानं रानाकडं बघितलं.

वाघरीतलं सगळं रान लेंड्यांनी काळं झालं होतं. काळं, म्हणजे टाचणी टाकायला जागा नाही असं. आणि त्या काळ्यातून, वरच्या कोपऱ्यापासून खाली, दोन-तीन काठ्यांच्या रुंदीचा एक पट्टा स्वच्छ राहिला होता. सरळ नाही. कातळाच्या कपाळाला पूर्वेकडून वळसा घालून, थोडा इकडं झुकून, थोडा तिकडं, मोरीच्या दिशेनं. त्यावर एक लेंडी नव्हती.

यमाजी पट्ट्याच्या कडेला वाकला. लहानपणापासून बापानं सांगितलेली आणि त्यानं स्वतः शंभर रात्री पाहिलेली गोष्ट. मेंढरू ओलीत बसत नाही. माणसाला वरून कोरडं दिसेल, मेंढराच्या पोटाला खालची ओल कळते. कितीही पसर म्हणून सांगा, ते उठून कोरड्यात जाणारच.

"सावळ्या," तो म्हणाला, "काठी दे."

स्वच्छ पट्ट्यात त्यानं काठी दाबली. हातभर आत गेली. पट्ट्याच्या बाहेर दाबली तर चार बोटांवर अडली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दहा ठिकाणी तेच. मग यमाजीनं घराकडं तोंड करून अशी हाळी दिली की वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली.

"आशेऽऽ! आगं धाव, वढा घावला!"

आशा पिठाचे हात घेऊन तशीच आली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं बांधावर चपला काढल्या आणि अनवाणी पट्ट्यावर उतरली. चार पावलं चालली. थांबली.

"गार हाय, मामा," ती म्हणाली. आणि गाळ गेला तेव्हा न रडलेली बाई तिथं उभ्या उभ्या रडायला लागली.

यमाजीला इतका आनंद झाला होता की त्याला तिची समजूत घालायचंही सुचलं नाही. तो नुसता "बग की, बग की" करत काठी खुपसत पुढं चालला होता.

तेवढ्यात भिमाजीशेठ आणि कुशाबाई खत कसं पडलं ते बघायला आली. आपल्या रानात पहाटे पहाटे यमाजीचं अर्धं कुटुंब बघून शेठ तडकला.

"पुन्हा आलास? आता काय हाय?"

"वढा हाय," यमाजी म्हणाला. "मी न्हाई दावत. मेंढरांनी दावलाय."

सावळारामनं सगळं सांगितलं. भिमाजीशेठनं पट्टा पाहिला, काठी दाबून पाहिली. काठी गेली. त्यानं दुसरीकडं दाबली. नाही गेली. "मेंढरांचं काय घेऊन बसलाव," तो पुटपुटला. "त्यांस्नी कुनी शिकवून ठेवलं आसंल."

"तीनशे मेंढरांस्नी?" सावळारामनं विचारलं. "माझी पोरं एक ऐकत न्हाईत, शेठ."

कुशाबाई मात्र पट्ट्याच्या कडेनं खालपर्यंत जाऊन आली. तिनं कमरेवर हात ठेवले.

"आवं, ही तर आपली सडकी पट्टी!"

"कसली?"

"कसली म्हंजे? दर साली हितनं तितवर कांदा सडतो न्हाई का? आशीच वाकडी. तुमी बियाणंवाल्याला शिव्या दिल्या, औषधवाल्याला दिल्या. यमाजीभाऊंची नजर लागली म्हणून लिंबू बी पुरलंत हितं."

भिमाजीशेठनं बायकोकडं असं बघितलं, जणू लिंबाची गोष्ट घराबाहेर यायलाच नको होती.

"माझी नजर?" यमाजी म्हणाला. "मला साठ वरसं वढा दिसंना. तुझा कांदा काय दिसायचा मला!"

सावळाराम पहिला हसला. मग कुशाबाई. आशा डोळे पुसत हसली. भिमाजीशेठ हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. तो बांधावर टेकला, तंबाखू काढली, मळली आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली.

"दोन-तीन गुंठं जातील," शेवटी तो म्हणाला.

"जात्यात तर जाऊ द्या," कुशाबाई म्हणाली. "तितं काय पिकतंय? नुसता वास."

"मी काय न्हाई म्हणलो? दावला तर संमती देतो म्हणलो व्हतो. दावला. संपलं." त्यानं यमाजीपुढं तळहात केला. "घे, तंबाखू खा."

त्या रात्रीचा वाडा आशाच्या गाळात बसला, आणि मेंढरं कुणी न सांगता पसरून झोपली. बानूबाईनं भावाला उरलेली मासवडी गरम करून दिली, सगळी.

सोमवारी मशीन आलं. यमाजीनं पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी चुन्याची फक्की टाकून ठेवली होती. सगळी वस्ती बांधावर. वरचा बांध फुटला तेव्हा भिमाजीशेठनं तोंड दुसरीकडं केलं, पण लगेच पुन्हा वळवलं. मशीनचा हात खाली जायचा आणि भुसभुशीत माती घेऊन यायचा. कुठंच खडक लागला नाही. पुरुषभर खाली गेल्यावर मातीचा रंग बदलला आणि फावड्यात पांढरी बारीक वाळू आली. वाळूत नखाएवढे शिंपले. चालकानं मशीन बंद केलं. त्या शांततेत सगळ्यांनी वाकून बघितलं. खाली वाळूतून पाणी पाझरत होतं, अगदी थोडं, मुंगीच्या चालीनं.

यमाजी मच्छिंद्रचा हात धरून चरात उतरला. मूठभर वाळू उचलली, दाबली. बोटांच्या फटीतून पाणी आलं. "हाच," तो म्हणाला.

दुपारी चर मोरीला जाऊन मिळाला. आता माळाचं पाणी बांधाला आपटून वळणार नव्हतं, कोपऱ्यावरून आशाच्या तुकड्यात शिरणार नव्हतं. आशा सगळं बघून आपल्या तुकड्यावर आली आणि लेंड्या मिसळलेल्या गाळात मधोमध बसली. भर दुपारी, काम टाकून. इतक्या वर्षांत तिला असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बानूबाईनं हाक मारली, "आगं, ऊन लागंल!" तिनं नुसता हात हलवला. ती मातीत बोटानं कसल्या तरी रेघा ओढत होती. कदाचित तुरीच्या ओळी असतील. मान आखडलेली होती, पण चेहरा असा निवांत की बानूबाईनं पुन्हा हाक मारली नाही.

वैजयंती मॅडम बांधावर मोबाइल घेऊन कामाची नोंद करत होत्या. गट नंबर झाला, लांबी झाली, भिमाजीशेठची सही झाली.

"ओढ्याचं नाव?" त्यांनी विचारलं.

"नाव कशाला लागतंय त्याला?" भिमाजीशेठ म्हणाला. "बिननावाचा लिवा."

"रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही हे."

"मंग भिमाजीशेठचा वढा लिवा," मच्छिंद्र म्हणाला. शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून. भिमाजीशेठनं टोपी सारखी केली.

"न्हाई," यमाजी म्हणाला. "नाव हाय त्याला. आताच ध्यानात आलं, वाळू हातात घेतली तवा. आमी मेंढकी पोरं हितं पाण्यावर यायचो, तर रोज एक बाई आसायची धुणं घेऊन. म्हणायची, वरच्या अंगाला मेंढरं घालू नगा रं, पाणी गढूळ व्हतंय. आन खाली घातली की भाकरीचा तुकडा द्यायची. आमाला कुनी इचारलं मेंढरं कुठं नेली, तर सांगायचं, साळूच्या वढ्यावर."

"कोण साळू?" मॅडमनं विचारलं.

यमाजी भिमाजीशेठकडं बघत राहिला. उत्तर त्यानं द्यायचं होतं.

"साळुबाई माझी आय," भिमाजीशेठ म्हणाला.

तो चराच्या कडेला येऊन उकिडवा बसला. "आय आमाला धुणं घिऊन कुकडीवर न्यायची. मैल-दीड मैल. जाताना गाठोडं हलकं, येताना वल्ल्या धुण्याचं, डोक्यावर. मी पदर धरून चालायचो. रोज इचारायचो, आये, आपल्याजवळ कुठं पाणी न्हाई का गं? ती बोलायची न्हाई. कधीच बोलली न्हाई."

कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. ही गोष्ट इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही माहीत नव्हती.

मॅडमनं हळूच विचारलं, "साळूचा ओढा लिहू, की साळुबाईचा?"

"बाई लावा," भिमाजीशेठ म्हणाला. "साळुबाईचा. मोठ्या अक्षरात लिवता येत आसंल तर मोठ्या अक्षरात लिवा."